शवविच्छेदनातल्या रक्ततपासणीबद्दल फिरणारा मेसेज: खुलासा

'मृत्यूनंतर रक्ताभिसरण थांबतं, म्हणून रक्तात सापडलेलं औषधाचं प्रमाण मृत्यूच्या क्षणी होतं तेवढंच असतं. ते जास्त आलं की ओव्हरडोस सिद्ध' असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

रक्ताभिसरण थांबलं तरी औषध जागचं हलतं. पेशींची आवरणं फुटू लागतात आणि यकृत, फुप्फुसं, हृदयाचा स्नायू यांत साठलेलं औषध शेजारच्या रक्तात झिरपतं. अमिट्रिप्टिलीन या नैराश्यावरच्या औषधासारखी चरबीत विरघळणारी, ऊतींत खूप साठणारी औषधं यात आघाडीवर. हृदयाच्या स्नायूत साठणाऱ्या डिगॉक्सिन या हृदयविकारावरच्या औषधाचंही तेच. त्यामुळे नेहमीचा डोस घेणाऱ्याच्याही हृदयातल्या रक्तात आकडा फुगलेला दिसू शकतो.

म्हणून नमुना या अवयवांपासून दूरच्या, मांडीच्या शिरेतून घेतात. आधी शीर वरच्या बाजूला बांधायची, मग खालून सुईने रक्त ओढायचं. न बांधता जोरात ओढलं तर पोटाकडचं रक्त खाली येतं आणि सगळी मेहनत वाया. बाटलीत नमुना टिकवणारं सोडियम फ्लोराइड, साठवण ४ अंशांवर, आणि लेबलवर नमुन्याची जागा. नुसतं 'रक्त' लिहिलेल्या अहवालावरून फार काही ठरवू नये.

अल्कोहोलची गोष्ट आणखी वेगळी: कुजताना जंतू आणि यीस्ट साखरेपासून ते नव्याने तयार करतात. डोळ्यातला द्रव जंतूंपासून बराच काळ सुरक्षित राहतो, म्हणून त्याच्याशी ताडून पाहतात.

एका आकड्यावरून कुणावर आत्महत्येचा किंवा विषप्रयोगाचा शिक्का बसू शकतो. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.