कावळे मोजून काय होतं म्हणे!

माझी भाची दोन वर्षं दर रविवारी पहाटे दुर्बीण गळ्यात अडकवून तळ्यावर जाते आणि दिसेल तो पक्षी लिहून ठेवते. या रविवारी गेली नाही. का, तर हौशी पक्षीगणना म्हणजे थोतांड असा एक फॉरवर्ड तिला तीन-चार ग्रुपांवर आला, वर "बघ, उगाच झोप मोडतेस" अशी शेरेबाजी. मग तोच मलाही आला.

त्यातला पहिला मुद्दा, हौशी लोकांना पक्षी ओळखता येत नाहीत म्हणून डेटा कचरा. चुका होतात, मान्य, एकसारख्या दिसणाऱ्या वटवट्यांपुढे तर भलेभले गार होतात. पण ई-बर्डवर, म्हणजे जगभरचे लोक पक्ष्यांच्या नोंदी टाकतात त्या साइटवर, त्या भागात त्या महिन्यात न शोभणारा पक्षी किंवा भलताच आकडा टाकून बघा, नोंद बाजूला निघते आणि तपासणारा जाणकार पुरावा मागतो. पुढे.

दुसरा मुद्दा वाचून मात्र डोकंच फिरलं. "कावळे, चिमण्या, साळुंक्या मोजून काय उपयोग? दुर्मिळ दिसला तरच नोंद करा." अरे बाबांनो, असं केलं तरच डेटाचा कचरा होईल! कुठे, किती वेळ, किती अंतर चाललो आणि ओळखता आले ते सगळे पक्षी, असं लिहिलं तरच ती पूर्ण यादी, कारण मग जो यादीत नाही तो दिसला नाही असं म्हणता येतं. शंभर याद्यांपैकी ऐंशीत असणारी चिमणी काही वर्षांनी पन्नासातच दिसायला लागली तर काहीतरी बिनसलंय हे कळतं, नुसते खास पक्षी लिहिले तर कळणार कसं?

गिधाडांचं काय झालं आठवा. पांढऱ्या पाठीचं गिधाड भारतात इतकं होतं की कुणी मान वर करून बघत नसे, आणि १९९२ ते २००७ मध्ये ९९.९ टक्के संपलं, गुराढोरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, मेलेली गुरं खाऊन ते गिधाडांच्या पोटात गेलं. घसरण लक्षात आली त्यात मोठा वाटा विभू प्रकाश यांनी भरतपूरला, गिधाडं भरपूर होती तेव्हाच, करून ठेवलेल्या मोजणीचा. ते संशोधक होते, हौशी नव्हेत, हे मीच सांगते, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये येईलच.

हौशींचंच हवं असेल तर २०१९ चा 'सायन्स'मधला पेपर घ्या. १९७० पासून उत्तर अमेरिकेत जवळजवळ ३०० कोटी पक्षी कमी झाले, म्हणजे २९ टक्के, आणि त्यातली ९० टक्क्यांहून जास्त घट अवघ्या १२ कुळांत, ज्यांत चिमण्यांसारखे रोजचेच पक्षी! यातला मोठा डेटा १९६६ पासून चाललेल्या एका सर्व्हेचा, त्यात ठरलेल्या रस्त्यावर ५० थांबे, प्रत्येक थांब्यावर ३ मिनिटं, आणि मोजणारे बहुतेक स्वयंसेवक. त्याच पेपरात हवामान रडारवरूनही रात्रीचं स्थलांतर घटल्याचं दिसलं. रडारला कसली आलीये हौस.

"मोजून एक तरी अधिवास वाचला का?" वाचला. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत चिखलात चरणारे किनारपक्षी कधी, कुठे उतरतात हे ई-बर्डच्या नोंदींवरून काढलं आणि २०१४ पासून भातशेतकऱ्यांना पैसे देऊन नेमक्या त्या आठवड्यांत शेतात पाणी ठेवलं. जमीन विकत न घेता पक्ष्यांना वेळेवर चिखल मिळाला. लोक सोयीच्या जागी आणि सुट्टीच्याच दिवशी जातात हा आक्षेप खरा आहे, पण म्हणूनच तर वेळ आणि अंतर लिहायला लावतात, हिशेबात ते धरता येतं.

नोंदींमुळे शिकाऱ्यांना पक्ष्यांचा पत्ता मिळतो, हे नाइलाजाने अर्धं कबूल. घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकणारे आणि फोटोसाठी रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला हैराण करणारे आहेत, त्यांना चांगलं झापायला हवं. पण ई-बर्ड संवेदनशील जातींच्या नेमक्या जागा झाकून ठेवतं, फॉरवर्डवाल्याने एकदा उघडून बघितलं असतं तर दिसलं असतं.

आणि शेवटचं, आता ॲप आवाज ओळखतं मग माणूस कशाला. मर्लिन नावाचं ते ॲप शिकलं पक्षीवाल्यांनीच अपलोड केलेल्या रेकॉर्डिंगवरून, हो, पहाटे झोप मोडून केलेल्या.