जन्मापूर्वीच्या अनुभवाचा दाखला

ज्यांनी नुकतीच नवी कंपनी नोंदवली आहे आणि आता सरकारी निविदा भरण्याचा विचार ज्यांच्या मनात घोळतो आहे, अशा वाचकांसाठी चार हिताच्या गोष्टी लिहून ठेवाव्यात असे मला गेल्या मंगळवारी वाटले. त्या दुपारी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर आमच्या कंपनीच्या नावापुढे 'अपात्र' असा शेरा उमटला. निविदा एका सरकारी संस्थेला सहा हजार टेरी टॉवेल पुरवण्याची होती, आणि सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे आडनाव टॉवेलखेरीज दुसऱ्या कशासाठी कोणी घेत नाही. शेऱ्यात लिहिले होते की अनुभव बोलीदाराच्या नावे नाही.

तेव्हा पहिला सल्ला असा, की कंपनी काढताना ती शक्यतो जुनीच काढावी. निविदेच्या कागदात 'विगत प्रदर्शन' नावाचा एक रकाना असतो. हा शब्द हिंदीतला आहे. मराठी माणसाला प्रदर्शन म्हटले की गड्ड्याच्या यात्रेतले होम मैदान आठवते आणि तो बिनधास्त पुढे जातो. त्या रकान्याचा खरा अर्थ असा, की मागील तीन आर्थिक वर्षांपैकी किमान एका वर्षात, निविदेतल्या नगांच्या ठरावीक टक्के इतका तसाच माल तुम्ही केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा एखाद्या सार्वजनिक उपक्रमाला पुरवलेला असला पाहिजे. आमच्या निविदेत हे प्रमाण 30 टक्के, म्हणजे 1,800 टॉवेल होते. खासगी रुग्णालये, हॉटेले आणि निर्यातदार यांना दिलेल्या मालाची येथे गणती होत नाही, कारण खासगी माणूस अंग पुसतो ते बहुधा वेगळ्या पद्धतीने पुसत असावा.

बांधकामात असाल तर गणित अधिक सुबक आहे. केंद्रीय दक्षता आयोगाच्या 17 डिसेंबर 2002 च्या पत्रकातले प्रमाण सर्वांना पाठ आहे: मागील सात वर्षांत अंदाजित खर्चाच्या 40 टक्क्यांची तीन, 50 टक्क्यांची दोन किंवा 80 टक्क्यांचे एक तत्सम काम पूर्ण केलेले असावे. एक कोटीच्या कामासाठी 80 लाखांचे काम हवे, त्यासाठी आधी 64 लाखांचे, त्यासाठी आधी 51 लाख 20 हजारांचे, आणि असे पायरी पायरीने खाली उतरत गेलात की शेवटी एखाद्या कार्यालयाला एक खराटा विकण्याची संधी तुमची वाट पाहत असते. त्या खराट्यासाठीही कोटेशन तीनच लागतात.

डिजिटल सहीचे डोंगल शेवटच्या दिवशी वापरू नये.

वडिलांचा अनुभव दाखवता येईल, या भ्रमातही राहू नये. आमची पेढी 1986 पासून अप्पांच्या एकट्याच्या नावावर होती. 2024 मध्ये सनदी लेखापालांच्या सल्ल्याने आम्ही तिची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली. माग तेच, बीम भरणारी माणसे तीच, रंगाऱ्याचा हात तोच, किंबहुना गल्ल्याची किल्लीही अप्पांच्याच कमरेला आहे. बदलला तो फक्त पॅन क्रमांक. कंपनी होण्याच्या जेमतेम काही महिने आधी, 2023-24 या वर्षातच, पेढीने जिल्ह्यातल्या एका कार्यालयाला 2,400 टॉवेल पुरवले होते. व्यवसाय हस्तांतराचा करारनामा जोडून तो पुरवठा दाखवावा, असे मी ठरवले आणि त्यासाठी पूर्णत्वाचा दाखला आणायला निघालो.

दाखला मागायला जाताना सोबत डबा न्यावा. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या खेपेला कळले की भांडार सांभाळणाऱ्या लिपिकाची बदली झाली असून नव्या लिपिकाने अद्याप पदभार घेतलेला नाही. तिसऱ्या खेपेला माझ्या अर्जावर आवक क्रमांकच पडलेला नसल्याचे उघडकीस आले आणि तो अर्ज मीच पुन्हा लिहावा असे ठरले. चौथ्या खेपेला मजकूर तुम्हीच टाइप करून आणा, असे सुचवण्यात आले; मी आणला, तर त्यांच्या संगणकावर त्या फाँटचे चौकोन झाले. पाचव्या खेपेला सही झाली. साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल पसरलेला होता आणि त्याच्या किनारीवर विणलेले अप्पांच्या पेढीचे नाव मला दारातून वाचता येत होते. त्या टॉवेलाला पाठ टेकून साहेबांनी विचारले, "हा पुरवठा तुम्हीच केला होता, याला पुरावा काय?" मी खुर्चीकडे बोट दाखवले नाही, ही चूक माझी. दाखला मिळाला तो एका वाक्याचा: सदर पुरवठादाराने पुरवठा केला असून तक्रार नाही. त्यात नग किती ते नाही, रक्कम नाही, तारीखही पेनाने खाडाखोड केलेली आहे. पाच खेपा, एकूण अकरा दिवस आणि हाती हे!

उद्यम नोंदणीचे, म्हणजे लघुउद्योग असल्याच्या सरकारी नोंदीचे, प्रमाणपत्र मात्र फ्रेम करून भिंतीवर लावावे, कार्यालयाला शोभा येते. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी पूर्वानुभवाची आणि उलाढालीची अट शिथिल करता येईल, असे केंद्राने मार्च 2016 मध्ये कळवले आणि सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 च्या नियम 173 मध्ये स्टार्टअपसाठीही तशी तरतूद आहे. दर्जा आणि तांत्रिक निकष तेवढे पाळायचे. पण 'करता येईल' या शब्दांत 'केलीच पाहिजे' कोठेही नाही, आणि निविदेत सवलतीपुढे 'नाही' असा पर्याय निवडायला एक टिचकी पुरते.

शेवटचा सल्ला असा, की स्वतः माल बनवण्याच्या फंदात पडू नये, दाखले साठवावेत. निविदा उघडल्याच्या चौथ्या दिवशी मला एक फोन आला. "मालक, सहा हजार नग आहेत, दर सांगा. फक्त किनारीला तुमचं नाव नको." ज्या व्यापाऱ्याकडे एकही माग नाही, पण दाखल्यांची जाडजूड फाइल आहे, तो अनुभवी ठरला होता, आणि त्याचा अनुभव आमच्याकडूनच विणून घ्यायचा होता.

आता उपरोध पुरे. ज्यांनी ही छाननी केली त्यांना मी स्पष्ट विचारतो, की तुम्ही नेमके काय तपासले? अमेरिकेत 1994 च्या खरेदी कायद्यानेच ठरवून दिले आहे की ज्या बोलीदाराची मागील कामगिरी उपलब्ध नाही, त्याला त्या निकषावर अनुकूल किंवा प्रतिकूल, कसलेच गुण देता येत नाहीत. आणि तेथील नियमावली पूर्वाश्रमीच्या कंपनीचा आणि प्रमुख माणसांचा अनुभवही विचारात घ्यायला सांगते. तुम्हाला इतके दूरही जायचे नव्हते, नियम तुमच्याच टेबलावर होता. नमुना मागवायचा, पाण्यात बुडवायचा, जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे कापडाचे वजन, मोजायचे, रंग जातो का ते पाहायचे. एका दुपारचे काम होते. ते तुम्ही केले नाही, कारण नव्याला पात्र ठरवले तर उद्या चौकशीत उत्तर द्यावे लागते आणि अपात्र ठरवले तर कोणी विचारत नाही. तुम्ही सावध नाही आहात, आळशी आहात, आणि त्या आळसाची किंमत प्रत्येक टॉवेलामागे व्यापाऱ्याच्या नफ्याच्या रूपाने सरकारी तिजोरीतून जाते.

त्या फोनवरच्या माणसाला मी अजून दर कळवलेला नाही. शनिवारी कामगारांचा पगार आहे, तेव्हा शुक्रवारपर्यंत कळवावा लागेल.