सेम नाही रे बाळा, अजिबात सेम नाही

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर सुचवलं की रविवारी सगळे मिळून जॅकी चॅनचा 'रश अवर' सिनेमा बघू. भाच्याचं उत्तर : "मावशी, तो जुनाय. त्याची सिरीज आहे ना, ती बघ. सेमच आहे." त्यावर लगेच तिघांचे अंगठे. ग्रुपवर भांडले तर ताई चिडेल, म्हणून इथे ओकतेय.

ती सिरीज म्हणजे २०१६ च्या मार्चअखेरीस अमेरिकेत सीबीएस चॅनलवर लागली, मे महिन्यात बंद करायचं ठरलं आणि उरलेसुरले भाग ऑगस्टपर्यंत कसेबसे उरकले. एकूण १३ भाग. आणि १९९८ च्या सिनेमाचे पुढे आणखी दोन आले, तरी लोकांचं पोट भरलं नव्हतं. सेम म्हणे!

आमचे अण्णा हवालदार. पोलिसांचे सिनेमे लागले की "चॅनल बदल" एवढंच बोलायचे. पण हा सिनेमा पोलीस लाइनीतल्या आमच्या दोन खोल्यांत केबलवर लागला, तेव्हा ते कॉटवर बसून ब्रासोने पट्ट्याचं बक्कल घासत होते. सिनेमात लॉस एंजेलिसचा पोलीस कार्टर, त्याला त्याचा कॅप्टन सांगतो, तुला एफबीआयने बोलावलंय. कार्टर हवेत. मग कळतं, काम काय, तर हाँगकाँगहून आलेल्या इन्स्पेक्टर लीला, म्हणजे जॅकी चॅनला, गावभर फिरवायचं आणि तपासापासून लांब ठेवायचं. अण्णा असे हसले की शेजारच्या काकू डोकावल्या. कारण साहेबांच्या मेव्हण्याला देवदर्शन घडवायची ड्युटी त्यांनी केली होती. तीही "महत्त्वाची कामगिरी" म्हणूनच मिळाली होती!

सगळी गंमत त्या अपमानात आहे. दोघेही कुणालाच नकोसे. एकमेकांना तर त्याहून नकोसे. तिथून दोस्तीपर्यंत यायला त्यांना अख्खा सिनेमा लागतो, आणि दोस्ती झाली की सिनेमा संपतो. सिरीजवाल्यांनी काय केलं? पहिल्याच भागात जोडी जमवली, ली लॉस एंजेलिसमध्येच राहिला, आता दर आठवड्याला नवा गुन्हेगार आणि तीच खोटी कुरबुर. जमलेल्या जोडीचं भांडण कोण बघणार? 'स्क्रब्ज' ही गाजलेली विनोदी सिरीज काढणारा बिल लॉरेन्स होता हो त्यात. त्याला हे कळू नये?

सिरीजमधला ली, जॉन फू, खरोखर मारामारी येणारा माणूस आहे, ते मान्य. 'लेथल वेपन' या दुसऱ्या पोलीस-जोडीच्या सिनेमाची सिरीज तीन सीझन चालली, तेही मान्य. पुढे.

जॅकी चॅन एकेका मारामारीत आठवडे घालवणाऱ्या हाँगकाँगच्या शाळेतला. टीव्हीवाल्यांना आठ-दहा दिवसांत अख्खा भाग उरकायचा असतो. मग काय, कॅमेरा नाकाशी न्यायचा आणि सेकंदाला कात्री लावायची. जॅकी मात्र शेवटी एका प्रदर्शनातल्या चिनी फुलदाण्यांमध्ये लढतो. एका हाताने ठोसा, दुसऱ्या हाताने पडणारी फुलदाणी सावरतोय. अण्णांच्या हातातलं फडकं थांबलं होतं. "सरकारी मालमत्ता आहे, जपणारच तो," म्हणाले.

आणि "मावशी, रेटिंग बघ" वाल्यांनो, सिनेमांना रेटिंग देणाऱ्या ज्या रॉटन टोमॅटोज साइटचे टक्के तुम्ही तोंडावर फेकता ना, ती साइट जॅकीच्या एका भक्ताने ९८ साली याच सिनेमाच्या निमित्ताने काढली. घ्या.

असो. आता जरा राग उतरलाय. खरं सांगू का, मला त्यातला सगळ्यात आवडतो तो सीन मारामारीचा नाहीच. दोघे पाळतीवर बसलेत आणि लहान पोरांसारखे भांडतायत, माझा बाप मोठा पोलीस की तुझा. आधी हसू येतं. मग कळतं की दोघांचेही बाप पोलीस, आणि कार्टरचा ड्युटीवर असताना मारला गेलेला. आमच्या लाइनीतली सगळी पोरं नळावर हेच भांडायची. तो सीन लागला तेव्हा अण्णा काहीच बोलले नाहीत, नुसतं बक्कल घासत राहिले.

सिरीज करायचीच होती, तर त्या पाहुणे फिरवण्याच्या ड्युटीवर करायची होती. दर आठवड्याला नवा नकोसा पाहुणा, नवा देश, कार्टर वैतागलेला. १३ काय, १०० भाग निघाले असते. अण्णांच्या साहेबांचा एकटा मेव्हणाच तीन भाग खाऊन गेला असता. त्याला परतीच्या वाटेवर ऊसाचा रस हवा होता, तोही बर्फाशिवाय, आणि पैसे अण्णांनीच द्यायचे होते.