आग लागल्यास लिफ्टचा वापर टाळा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकेनं मला कळवलं की मी अपूर्ण आहे. राहिला होता तो अग्निसुरक्षेचा कोर्स. पण मेल यंत्रानं धाडलेला, त्यात थेट माझ्या नावापुढे 'अपूर्ण' आणि शेजारी लाल ठिपका. प्रत शाखाधिकाऱ्यांना, प्रत विभागीय कार्यालयाला. हल्ली आमची हजेरी, रजा, पगार, बढती, प्रशिक्षण सगळं एकाच एचसीएम (ह्यूमन कॅपिटल मॅनेजमेंट, म्हणजे माणसाला भांडवल समजून त्याचा हिशेब) नावाच्या सॉफ्टवेअरात आहे, त्यामुळे कोर्स अडला की अप्रेझलचा फॉर्मही उघडत नाही. बँकेचं नाव सांगत नाही, पोराची फी भरायची आहे.

शाखा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात. तळमजला, वर टिनं. कोर्स मात्र कुठल्यातरी टॉवरसाठी बनवलेला. त्यात ब्लेझर घातलेली एक कार्टून मॅडम आहे. ती म्हणते, 'आपल्या मजल्याच्या फायर मार्शलला ओळखून ठेवा.' तिचं बोलणं संपेपर्यंत 'पुढे'चं बटण दबत नाही. दुसरी खिडकी उघडली की मॅडम जागच्या जागी थांबतात, तोंड तसंच उघडं ठेवून. आणि दुसरी खिडकी उघडल्याशिवाय माझं भागत नाही, कारण ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरलं तरच ३ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज माफ, म्हणून अख्खं गाव नवं-जुनं करायला काउंटरवर उभं. कोर्सची मुदतही ३१ मार्चच. ही तारीख ज्यानं ठरवली त्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवायला पाहिजे, पंखा बंद करून.

त्यात लाइट जायची. आली की कोर्स मला भलत्याच मागच्या स्लाइडवर नेऊन सोडायचा. हेल्पडेस्कला तिकीट टाकलं. 'आपली समस्या सोडवण्यात आली आहे' असं उत्तर आलं, समस्या जागेवर. शेवटी हिंजवडीतल्या भाच्याला फोन लावला, तो असलेच कोर्स बनवतो. तो म्हणाला, "मामा, तुमचा कोर्स स्कॉर्म १.२ वर दिसतो. ऑनलाइन कोर्स बनवायचं २००१ सालचं मानक, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रकल्पातून आलेलं. माणूस कुठवर आला हे लिहून ठेवायला त्यात ४,०९६ अक्षरांची जागा धरलेली आहे. ती भरली की पुढचं लिहिलंच जात नाही." आमच्या सातबाऱ्यावर नुसती वारसांची नावं याहून जास्त जागा खातात.

आता काकाजी.

काकाजी पोराची वाट पाहत होते. पोरगा उसने पैसे घेऊन यायचा होता. दोन दिवसांपुरते कुणाकडून उचलायचे, जुनं कर्ज भरायचं, नवं मिळालं की ज्याचे त्याला द्यायचे. तोवर काकाजींनी स्टूल ओढून सरळ काउंटरच्या आत, माझ्या पंख्याच्या टप्प्यात बैठक मारली.

"हे बाई कोन व्हय, साहेब?"

"शिकवते."

"तुमाले? नोकरी लागून एवढे वर्सं झाले ना!"

मी गप्प. मॅडम सांगत होत्या, आग लागल्यास लिफ्टचा वापर टाळा.

"लिपट कोठी हाय इथं?"

"इथं नाही, काकाजी. मुंबईले हाय."

"मंग मुंबईले आग लागली त तुमी इथून काय करसान?"

याचं उत्तर कोर्समध्ये नव्हतं. एवढ्यात प्रश्न आला: आग दिसताच सर्वप्रथम काय कराल? (अ) मौल्यवान वस्तू गोळा कराल, (ब) अलार्म वाजवाल, (क) लिफ्टने खाली जाल, (ड) वरिष्ठांना ईमेल कराल. मी मोठ्यानं वाचायला नको होतं म्हणा, पण काकाजींना चष्मा सापडत नव्हता.

"पयले लाइन तोडा," काकाजी म्हणाले.

"तो पर्याय नाही."

"नाई कसा? माह्या तुरीच्या गंजीवर तारंची चिनगी पडली तवा म्या पयले पोट्ट्याले डीपीवर धाडलं, डीओ पाडाले. मंग पानी. लाइन चालू असतानी पानी मारलं असतं त आज तुमच्यापाशी कर्ज भराले कोन आलं असतं?"

डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि डीओ त्यावरचा फ्यूज; तो पाडला की लाइन तुटते. रांगेतल्या सगळ्यांना हे पटलं. मागून एकानं 'ड' दाबा म्हणून सांगितलं, कारण साहेबाला कळवल्याशिवाय सरकारी काम होत नाही. बचतगटाच्या ताई 'अ'वर अडून बसल्या. रजिस्टर जळालं तर हिशेब कोण देणार? शेवटी हात वर करून मतदान झालं, 'ब' निवडून आला, उत्तर बरोबर निघालं, आणि काकाजी म्हणाले, "चूक हाय थे."

माणसाच्या शिक्षणावरचा खर्च ही गुंतवणूक, हे थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० साली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांपुढे भाषणात मांडलं. ते मुळात शेतीचे अर्थशास्त्रज्ञ, साउथ डकोटातल्या शेतावर वाढलेले; १९७९ साली नोबेल मिळालं. शेतकरी गरीब असला तरी हाताशी जे आहे ते चोख वापरतो, असंही त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या गुंतवणुकीच्या विचारावर आज एचसीएमसारखी एवढाली सॉफ्टवेअरं उभी आहेत, आणि त्यांतल्या एकातही डीओ पाडायचा पर्याय नाही.

मग मॅडमनी अग्निशामक सिलिंडर शिकवला. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दाबा, फिरवा. काकाजी उठले. चष्मा आता सापडला होता. दाराशी टांगलेलं लाल नळकांडं त्यांनी फिरवून पाहिलं, चिठ्ठीवरची तारीख वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, हे त मागच्या दिवाईलेच मेलं!"

रांग हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार. रिफिलसाठी मीच पत्रं लिहिली आहेत.

कोर्सच्या शेवटी पाच तारे येतात: अनुभव कसा वाटला? डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या. माणसाला आवडलं का, तो शिकला का, कामावर वागणं बदललं का, आणि त्यातून शेवटी काही हाती लागलं का. आमची बँक पहिल्या पायरीवर बसून तारे मोजते. वरच्या पायरीचं सोडा, माझ्या डोक्यावर टिनं तापतात, शेजारच्या कॅशियरची जागा रिकामी आहे, हे त्या भांडवलाच्या हिशेबात कुठे दिसत नाही. दिसतो तो ठिपका.

प्रमाणपत्र उमटलं तेव्हा काकाजींनी त्यात आपलं नाव शोधलं.

"अर्धे जबाब त म्या देल्ले!"

"तुम्ही कर्मचारी नाही ना, काकाजी."

"बरं, याच्यावर कर्ज भेटते काय?"

"नाही."

"मंग ठेवा तुमच्यापाशीच."

आता ठिपका हिरवा आहे. सिलिंडरच्या पत्राचंही उत्तर आलं: मागणी नव्या पोर्टलवर टाकावी. त्या पोर्टलचं लॉगिन त्याचा कोर्स पूर्ण केल्यावर मिळतं. तो ४५ मिनिटांचा आहे.