डिंक्या काढ्याने जात नाही, मामा

‘दशपर्णी आणि तंबाखूचा काढा संत्र्यावर फवारा, आठ दिवसांत डिंक्या गायब. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) नको. झाडपाल्याचा अपाय नाही.’ नागपूरकडच्या काटोल-नरखेडच्या संत्रावाल्यांच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज मामांनीही पुढे ढकलला. बगीचा त्यांचाच आहे, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

डिंक्या म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग. तो पानांवर नसतोच, तर फवारता कशावर? फायटोप्थोरा बुरशी मातीत राहते. भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं, ओलिताचं पाणी बुंध्याला लागलं, की तिचे बीजाणू त्या पाण्यातून मुळांशी येतात. तंतुमुळं सडतात, बुंध्याची साल फुटून डिंक गळतो. पानं पिवळी पडेपर्यंत खाली बरंच बिघडलेलं असतं. तेव्हा पानांवर काढा मारणं म्हणजे पाय मोडल्यावर कपाळाला बाम.

आधी पाणी बुंध्यापासून तोडा. दुहेरी आळं करा, आतलं कोरडं ठेवा. पावसाचं पाणी काढायला उताराने चर खणा. कलमाचा डोळा (जिथे कलम जोडलं ती जागा) मातीत गाडला गेला असेल तर मोकळा करा. सडलेली साल चाकूने खरवडून जाळा, बगीच्यात टाकू नका. जखम पोटॅशियम परमँगनेटने (लिटरला 10 ग्रॅम) पुसा. मग बोर्डो मलम: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या बादलीत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी चाकू बुडवून पाहा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. बुंध्याला तीन फुटांपर्यंत लावा, पावसाळ्याआधी आणि नंतर. नागपुरात अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थाही बोर्डो मलमच सांगते. आणि बोर्डो सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालतं, हे मेसेजवाल्याच्या गावीच नाही.

‘अपाय नाही’ म्हणे! तंबाखूतलं निकोटीन कातडीतून अंगात भिनतं. निकोटीन सल्फेटच्या वापरावर देशात बंदी आहे, ती उगाच नाही. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते इतक्या लवकर विसरलो?

एक मात्र कबूल. कोळशीवर, म्हणजे पानं काळी करणाऱ्या बुरशीवर, निंबोळी अर्काचा उपयोग होतो. पण तोही आडून: काळ्या माशीची पिल्लं कमी झाली की त्यांचा चिकटा कमी होतो, त्यावरची काळी बुरशी आपोआप घटते. 5 किलो निंबोळीचा भरडा रात्रभर 9 लिटर पाण्यात भिजवा, वस्त्रगाळ करा, 200 ग्रॅम साबण विरघळवलेलं लिटरभर पाणी घालून एकूण 100 लिटर करा. पानांच्या खालच्या बाजूने, संध्याकाळी मारा. उन्हात निंबोळीतलं कीड मारणारं ॲझाडिरॅक्टिन टिकत नाही. उरलेला अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, आणि बोर्डोत तर अजिबात मिसळू नका, चुन्याने तो वाया जातो.