पासष्टीनंतर खुरपणाऱ्या बायकांनी करायचं काय?

सोसायटीच्या ग्रुपवर आज परत तोच फॉरवर्ड. लोकसंख्या अशीच वाढली तर तिजोरी रिकामी होणार, तिसरं मूल झालं की सगळ्या सवलती बंद करा. खाली अंगठेच अंगठे. डोकंच फिरलं माझं. अरे कुठल्या जमान्यात आहात? महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं आहेत, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा आहे. गावोगावी झेडपीच्या शाळांचा पट विसाच्या खाली गेलाय. आणि २०११ च्या जनगणनेतच राज्यातला जवळपास दर दहावा माणूस साठीपुढचा होता! मुलं कमी झाली म्हणून खर्च कमी होत नाही, तो म्हाताऱ्या माणसांच्या औषधपाण्याकडे वळतो.

माझी आत्या गावाला एकटी असते. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं तिने. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० यायला लागले तेव्हा कुठे ती बीपीची गोळी अख्खी घ्यायला लागली, आधी अर्धी करून पुरवायची. पासष्ट पूर्ण झाली आणि पैसे बंद. म्हटलं चला, श्रावणबाळचा, म्हणजे राज्य सरकारच्या म्हातारपणच्या पेन्शनचा फॉर्म भरू, तेही १५००च मिळतात, तर तिथे उत्पन्नाची अट २१ हजार. वर्षाला! अख्ख्या कुटुंबाचं! म्हणजे दिवसाला ५७-५८ रुपये. लाडकी बहीणला अडीच लाखापर्यंत चालतं आणि तीच बाई एका वाढदिवसाने मोठी झाली की २१ हजार?

पोरगा पुण्यात सिक्युरिटीवर आहे, त्याचं नाव रेशन कार्डात, म्हणून उत्पन्नाचा दाखला अडला. वर ऑफिसात तिलाच ऐकवलं, मुलाला सांगा सांभाळायला. त्याच्या पगारात खोलीभाडं आणि दोन लेकरांची फी भागत नाही, तो काय पाठवणार. आत्या मला म्हणाली, जाऊ दे, नको कुणाच्या पाया पडू. फार लागलं मला ते.

हो, मान्य आहे, या म्हातारपणच्या पेन्शनमध्ये राज्य सरकार पदरचे पैसे घालतं. केंद्राचा वाटा ऐंशी वर्षांपर्यंत अजून २०० रुपयेच आहे, २००७ पासून तेवढाच. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट केली तेही चांगलंच केलं. पण २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा राज्यभर संप झाला तेव्हा या खुरपणाऱ्या बायकांच्या म्हातारपणाचं कोण बोललं? ग्रुपवरच्या कित्येकांचे आईवडील सरकारी पेन्शनवर आहेत, मिळायलाच पाहिजे त्यांना, नोकरी केलीय त्यांनी. मग आत्याने काम नाही केलं का?

आत्ता राज्यात कमावत्या वयाची माणसं भरपूर आहेत, सोय करायची ती आत्ताच करायला हवी. अजून वीस वर्षांनी म्हातारे जवळपास दुप्पट आणि टॅक्स भरणारे हात कमी, असं झालं की कुठलंही सरकार हात वर करेल.

माझं म्हणणं एवढंच आहे, श्रावणबाळची अटही अडीच लाख करा, आणि पासष्टीला लाडकी बहीणमधून नाव कमी होईल त्याच महिन्यात ते श्रावणबाळमध्ये आपोआप लागू दे. आधार, बँक खातं सगळं सरकारकडे आहेच की, मग पुन्हा म्हातारीला रांगेत कशाला उभं करायचं? अधिवेशनाच्या आधी आपापल्या आमदाराला लेखी द्या. मी या आठवड्यात देतोय. पत्राचा मसुदा हवा असेल त्यांनी मागा, पाठवतो.