जरा धरता का, माऊली?

वीणा खाली टेकवायची नसते, हे मला वीणा गळ्यात पडल्यावर कळलं.

गेल्या आठवड्यात गंगाखेड तालुक्यात आत्याच्या गावी सप्ता होता. मी देव मानत नाही. तरी जेवण झाल्यावर, बघू तरी म्हणून मांडवात डोकावलो. रात्रीचे साडेअकरा. भजनी मंडळ आडवं झालेलं, आणि एक आजोबा वीणा घेऊन एकटेच ‘रामकृष्णहरी’ म्हणत उभे. सात दिवस, चोवीस तास वीणा कुणाच्या तरी गळ्यात हवीच. त्यासाठी पहारे लावलेले असतात.

“जरा धरता का, माऊली? लघवीला जाऊन येतो.”

“आजोबा, मी नास्तिक आहे.”

“असू द्या की. जड नाही वीणा.”

“तसं नव्हे. माझा देवावर विश्वासच नाही.”

“माझा तरी पोरावर कुठंय? आता त्याचा पहारा. पाच मिनिटांत येतो म्हणला, अजून येऊलालंय.”

“पण मी नाम घेणार नाही!”

“मुके ऱ्हा. तार तेवढी छेडा.”

“देव नाराज होईल,” मी शेवटचा बाण काढला.

“तुमच्या हिशेबानं तो नाहीच की. मग नाराज कोण होणार?”

वीस वर्षं जमवलेले माझे सगळे मुद्दे तसेच खिशात राहिले. आजोबा माझ्या पाया पडले आणि दीड तास गायब झाले. हाकलून दिलं असतं तर निदान अब्रू राहिली असती.

मराठवाड्यातल्याच औंढा नागनाथला म्हणे नामदेवांचे गुरू विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते आणि नामदेवांना म्हणाले, देव नसेल तिथं माझे पाय ठेव. माझे पाय कुठंही ठेवा, मुंग्याच येत होत्या. त्यात वीणेकऱ्याच्या पाया पडायची रीत. आत्याचा बांध दोन हात कोरणारा शेजारीसुद्धा पडून गेला. बांधाचा विषय काढणार, तोवर ‘माऊली’ म्हणून सटकला.

एकला आत्या चहा घेऊन आली. माझे दोन्ही हात अडकलेले. तिनंच कप तोंडाला लावला.

“आत्या, तूच घे ना वीणा.”

“बायांना देत न्हाईत रे.”

“कोण देत नाही?”

“न्हाईत देत.”

तिला अख्खा हरिपाठ पाठ. काकड्याला रोज पहिली तीच. मला एक अभंग धड येत नाही. आणि तालुका जनाबाईचा! मी चालतो, बांधकोऱ्या चालतो, झोपाळू पोरगं चालतं. सगळ्यांना मोकळा मांडव म्हणे. चहा गोड होता, तरी घशाखाली उतरेना.

आजोबा आले ते डोळे चोळत. “डोळा लागला बगा. तुमी होताव म्हणून बिनघोर.” वीणा घेतली, परत पाया पडले.

सकाळी मांडवाच्या खांबावर पहाऱ्यांची यादी बघितली. रात्री बारा ते दोनसमोर खडूनं माझं नाव. आत्यानं चष्मा लावून ते वाचलं, पदरानं एक वेलांटी पुसली आणि नीट करून दिली.